खोडलेली ओळ

बाबा,

मी ग्रंथालयात जातेय, यायला आठ वाजतील. जेवण झाकून ठेवलंय, तेवढं गरम करून घ्या.

निवृत्तीचं वय दोन वर्षांनी वाढलं तेव्हा, तुम्हाला आधीच्याच वयात सोडावं म्हणून तुमच्या नावाने मी एक अर्ज लिहिला. काल तुमचा विसरलेला चष्मा द्यायला कारखान्यात आले, ते खरं तर हा अर्ज परस्पर साहेबांच्या हाती द्यायला.

पण दारातच थांबले. बंद पडायला आलेल्या मशीनला तुम्ही स्क्रू-ड्रायव्हर टेकवला होता आणि त्याची मूठ कानाशी धरून, डोळे मिटून आतला आवाज ऐकत होतात. बाकीचे कामगार भोवती उभे. "तिसरं बेअरिंग," तुम्ही म्हणालात. मशीन उघडलं, तर तिसरंच खराब. फोरमन माझ्या कानात म्हणाला, "ताई, मशीनची यांच्यापुढे खोटं बोलायची छाती नाही." इतक्या वर्षांत मी तुम्हाला काम करताना कधी पाहिलंच नव्हतं. अर्ज आणि चष्मा, दोन्ही न देताच परतले.

आई आजारी असताना तुम्ही तिच्या पाठीला कान लावून बसायचात. मला ते वेड्यासारखं वाटायचं. डॉक्टर धीर देत होते, तेव्हा तुम्हीच फोन करून "आजच ये" म्हणालात. म्हणून ती मला शेवटची भेटली.

अर्जाची मुदत उद्यापर्यंत आहे. 'वयामुळे काम झेपत नाही' ही माझी ओळ मी खोडली आहे. थांबायचं की सोडायचं, तुम्ही ठरवा. सोडायचंच असेल, तर कारण तुमच्या हाताने लिहा. चष्मा अर्जावरच ठेवलाय.