विश्रांती हाच सराव

४ जानेवारी, रविवार. दुपारी ३

जेवताना लेकीशी वाद झाला. विषय क्षुल्लक: साखर हे विष आहे की नाही. ती इस्पितळात एक्स-रे काढते. मी चौतीस वर्षे कॉलेजात तर्कशास्त्र शिकवले. 'विष' या शब्दाची व्याख्या ठरल्याशिवाय पुढे जाता येणार नाही, एवढेच माझे म्हणणे होते. ती ताटावरून उठली, हात धुऊन परत आली आणि म्हणाली, “बाबा, एकदा तरी माझ्याविरुद्ध नको, माझ्याबरोबर काहीतरी करा.”

'एकदा तरी' हे वस्तुस्थितीला धरून नाही, हे मी लगेच निदर्शनास आणले. ती सात वर्षांची असताना तिला सायकल मीच शिकवली होती. तरीही होकार दिला. तिने सुचवली ती २९ मार्चची दहा किलोमीटरची जोडीची दौड. नियम असा की दोघांनी नव्वद मिनिटांच्या आत एकत्र रेषा ओलांडायची; एक मागे राहिला तर दोघेही बाद. तिने तिथेच फोनवर दोघांची नावे घातली. गेल्या चार वर्षांत रविवारच्या वादानंतर ती हसून निघाल्याचे मला आठवत नाही.

पत्नीने विचारले, तुमच्याकडे बूट आहेत का. बूट ही दुय्यम बाब आहे.

७ जानेवारी. सकाळी ८

लेकीबरोबर मैदानावर गेलो. शिसारी आली. चाळीसेक प्रौढ माणसे अंगाला चिकटलेल्या रंगीत कपड्यांत स्वतःच्याच मांड्यांवर थापा मारत उभी होती. सगळीकडे वेदनाशामक मलमाचा वास. एका गृहस्थाने बूट काढून मला आपल्या अंगठ्याचे काळे पडलेले नख दाखवले. अभिमानाने दाखवले.

प्रशिक्षकाचे नाव मी शिट्टी ठेवले आहे, कारण त्याच्या तोंडात बहुतेक वेळ तीच असते आणि ती काढल्यावर फारसे काही ऐकू येत नाही. त्याचा सल्ला असा: आठवड्यातून चार दिवस या, आधी चाला, मग हळू पळा, घरचे साधे जेवा, तहान लागली की पाणी प्या. या विधानांना त्याने कोणताही पुरावा दिला नाही. असली विधाने मी स्वीकारत नाही.

धावलो: ९०० मीटर. लेक म्हणाली, छान. ती मला खूश करण्यासाठी बोलत होती. ही सवय वाईट आहे.

११ जानेवारी

चार दिवस वाचन केले. एका मुद्द्यावर सर्व तज्ज्ञांचे एकमत आढळले: शरीर धावताना सुधारत नाही, धावताना ते झिजते आणि सुधारते ते नंतरच्या विश्रांतीत. आता मांडणी करू. सुधारणा विश्रांतीत होते. मला सुधारणा हवी आहे. म्हणून मला विश्रांती हवी आहे. युक्तिवाद निर्दोष आहे.

पत्नीने विचारले, पण विश्रांती घ्यायला आधी धावावे लागेल ना. तिचा प्रश्न चुकीचा नाही, अवेळी आहे. बुधवारी धावलो होतो.

वही आखली. रकाने तीन: धाव, विश्रांती, आहार. आठवड्यातून एक धाव, सहा दिवस विश्रांती. दुसरा रकाना रुंद ठेवला आहे.

१९ जानेवारी

आहार. चिया नावाच्या बिया रात्रभर भिजवायच्या असतात. सकाळी वाटीत जे काही तयार झाले होते, ते डबक्यातून काढल्यासारखे होते आणि चमच्यावरून खाली उतरायला नकार देत होते. खाल्ले. बीटचा रस काढला. ओट्यावर कुणाचा तरी खून झाल्यासारखे दिसत होते. प्यायलो. किळस आणि शिस्त या दोन भिन्न गोष्टी आहेत.

व्यायामानंतर तीस मिनिटांच्या आत कर्बोदके आणि प्रथिने पोटात जावीत, असे सर्वत्र लिहिले आहे. आज व्यायाम नव्हता. पण तीस मिनिटे रोजच येतात आणि शरीराची सवय मोडणे योग्य नाही. तीन अंडी, दोन केळी, मध लावलेले टोस्ट चार.

वजन दीड किलोने वाढले. स्नायू असावेत.

२ फेब्रुवारी

एनर्जी जेलची, म्हणजे धावताना चोखायच्या गोड लगद्याची, चोवीस पाकिटे आली. शिट्टीच्या मते दहा किलोमीटरला त्यांची गरज नाही, सकाळी नीट खाऊन आले की पुरे. त्याच्या शिष्यांपुरते ते खरे असेल.

एक पाकीट फोडले. खोकल्याच्या औषधात डिंक विरघळवून ते उन्हात विसरावे, तशी चव. जिभेला चिकटते, दाताला चिकटते, बोटावरून पुस्तकाला चिकटते. दोन पाने वाया गेली.

मात्र एक नियम सर्व पुस्तकांत आहे: जे सरावात घेऊन पाहिले नाही, ते शर्यतीत घेऊ नये. म्हणून रीतसर चाचणी आरंभली. खिडकीजवळची आरामखुर्ची, हातात स्टॉपवॉच, दर चाळीस मिनिटांनी एक पाकीट, सलग दोन तास. पोट शांत. नाडी चौसष्ट.

संध्याकाळी लेकीचा फोन. सराव कसा चाललाय, असे तिने विचारले. वेळापत्रकाप्रमाणे, असे मी सांगितले. हे अक्षरशः खरे आहे. ती गरजेपेक्षा जास्त खूश झाली. इस्पितळात तिने सगळ्यांना सांगितले आहे म्हणे, यंदा मी बाबांबरोबर धावतेय.

१६ फेब्रुवारी

काल तिने सहा किलोमीटरसाठी बोलावले होते. डाव्या गुडघ्यात दुखण्यासारखे काहीतरी होण्याची शक्यता वाटली. कळवले. ती एकटी धावली.

जेल चाचण्या, एका पाकिटाची एक याप्रमाणे, आजवर अकरा. सर्व खुर्चीत. एकदाही त्रास नाही. इतका सुसंगत पुरावा मी क्वचित पाहिला आहे.

८ मार्च

लेक सकाळी घरीच आली. माझ्यासाठी बूट घेऊन. मापाचे होते, माझे माप तिला कसे ठाऊक, विचारायचे राहिले. मैदानावर गेलो. दीड किलोमीटरनंतर बाकावर बसलो. शेजारच्या धावकाने केळ्याचे साल माझ्या मांडीला लागेल असे ठेवले होते. उठावेसे वाटले, उठवले नाही.

ती समोर उभी राहिली. म्हणाली, “बाबा, जमेल ना? नसेल जमत तर आत्ताच सांगा. मला खरंच चालेल. आपण दोघं नुसतं चालू रोज.”

या बोलण्यात तीन स्वतंत्र विधाने होती आणि तिसरे पहिल्या दोन्हींतून निष्पन्न होत नव्हते. तेवढे तिच्या लक्षात आणून दिले. नंतर, जमेल, असे सांगितले.

शिवाय शर्यतीच्या तीन आठवडे आधी सराव निम्मा करावा, असा दंडक आहे. माझा आठवड्याचा सराव ९०० मीटर. निम्मा, ४५०. यापुढे काटेकोर पाळावा लागेल.

२८ मार्च, शनिवार. संध्याकाळी ५

शर्यतीआधी तीन दिवस कर्बोदकांचा साठा करायचा असतो. केला. गुरुवारपासून उकडलेले बटाटे एकोणीस, ब्रेडचे दोन लोफ, खजूर एक डबा. आता बटाटा दिसला तरी घशाशी येते. जानेवारीपासून वजन पाच किलो वाढले. हे इंधन आहे. पँटचे बटण लागत नाही. इंधन भरल्यावर बटणाचे काय करायचे, याचे उत्तर पुस्तकांत नाही. पत्नीने सेफ्टी पिन दिली.

पाकिटे शिल्लक चार. चाचण्या वीस. अपयश शून्य. लेकीला फोन करून निश्चिंत राहायला सांगितले. ती निश्चिंत झाली. आवाजावरून कळते.

२९ मार्च. सकाळी ५.३०

हवामान अनुकूल. झोप अडीच तास. आत्मविश्वास पूर्ण.

२९ मार्च. दुपारी १

तथ्ये तेवढी लिहितो.

सुरुवातीला एक जेल घेतली. पहिल्या किलोमीटरला पाय जड वाटले, म्हणून दुसरी. दोन किलोमीटरला तिसरी. लेक शेजारी माझ्या वेगाने धावत होती, म्हणजे जवळजवळ चालत होती. अडीच किलोमीटरला पोटात जे सुरू झाले त्याचे वर्णन मी करणार नाही.

रस्त्याकडेला प्लास्टिकचे निळे शौचालय होते. माझ्याआधी तिथे किमान दोनशे माणसे येऊन गेली असावीत आणि प्रत्येकाने काहीतरी मागे ठेवले होते. कडी लागत नव्हती. एका हाताने दार धरावे लागले.

ती बाहेर उभी राहिली. मी आतून तिला कारणमीमांसा सांगत होतो: धावताना रक्त पोटाकडून पायांकडे वळते, त्यामुळे एवढी साखर आतड्यात पडून राहते आणि पाणी ओढते, खुर्चीत पाय काही मागत नसल्याने हे घडत नाही. हे मला आधीपासून ठाऊक होते. फक्त वापरायचे राहिले.

ती दारापलीकडून म्हणाली, “बाबा, समजावू नका. बरं वाटतंय का, एवढंच सांगा.”

मी मुद्दा पूर्ण केला.

बाहेर आलो तेव्हा शर्यत सुरू होऊन एक तास उलटून गेला होता. शेवटच्या लोकांना गोळा करणारी गाडी येऊन थांबली होती. आम्ही बसलो. समोरच्या बाकावर कोणीतरी ओकून ठेवले होते. लेकीने खिडकी उघडली आणि आपली पाण्याची बाटली मला दिली. गाडी अंतिम रेषेच्या शेजारून गेली, तेव्हा ती दुसऱ्या बाजूला पाहत होती.

३० मार्च

आयोजकांना पत्र लिहायला घेतले. चार पाने झाली. पाणी कोमट होते. शौचालयांची संख्या अपुरी होती. किलोमीटरच्या पाट्यांचा रंग फिका होता.

पत्नीने विचारले, लेकीला 'तू पुढे जा' असे म्हणालात का. ती तीन महिने पहाटे उठून धावत होती. जोडी बाद झाली असती, पण निदान तिचे दहा किलोमीटर पुरे झाले असते.

मी त्या वेळी आतड्यातील शोषणाविषयी बोलत होतो, हे तिला सांगितले. पत्नी ओट्याकडे वळली. भांड्यांचा आवाज नेहमीपेक्षा जास्त झाला.

पत्र पाठवले नाही. पाकीट सापडले नाही.

५ एप्रिल, रविवार. दुपारी २

लेक जेवायला आली. माझी तयारी चोख होती. अपयशाची कारणे सहा. त्यांतली चार आयोजकांची, एक हवामानाची, एक उत्पादकाची. तिच्या संभाव्य आक्षेपांना उत्तरे काढून ठेवली होती.

पहिले कारण मांडले. ती म्हणाली, असेल बाबा. दुसरे मांडले. असेल. मुद्दाम एक उघड चुकीचे विधान केले, की माझा सराव तिच्यापेक्षा अधिक शास्त्रशुद्ध होता. तिने आमटीची वाटी पुढे केली आणि म्हणाली, “बरोबर आहे तुमचं.”

सहाही कारणे दहा मिनिटांत संपली. एकही आक्षेप आला नाही. चार वर्षांत प्रथमच मी निर्विवाद जिंकलो.

ती पावणेदोनला निघाली. काम आहे म्हणाली. एरवी वादामुळे तीन तरी वाजतात.

पत्नीकडून कळले की लेकीने सप्टेंबरच्या दौडीत नाव घातले आहे. एकेरीत.