बाळंतपणाला कोण?

३ जून
रत्नागिरीला जाऊन एचआयव्हीच्या गोळ्या आणल्या. रिक्षा मुद्दाम हॉस्पिटलच्या अलीकडे सोडते, उरलेलं चालत. समुपदेशक मॅडमचा पुन्हा तोच प्रश्न, बाळंतपणाला बरोबर कोण? म्हटलं, आई. पहिलं बाळंतपण माहेरीच ना! थापा बऱ्या जमायला लागल्यात मला.
आईने अजून 'ये' म्हटलेलं नाही.

७ जून
ह्यांचा मुंबईहून फोन. तुमच्या गोळ्या घेता ना, विचारलं. "हो गं. पण वाडीत कुणाला बोलू नको." बोलायला आहे कोण? सासूबाईंनी माझं ताट वेगळं केलंय, खिडकीत असतं. भात वाढतात तो वरून, डाव ताटाला लागू न देता. आणि रोज कोकमाचं सार, "गोळ्या उष्ण गो, पी." माया आहे, पण हातभर लांबून.

१२ जून
आईचा फोन. "वहिनी घाबरते गो. घरात लहान पोर. तू समजून घे." घेतलं समजून. न्हाणीत जाऊन रडले. इतकं एकटं कधी वाटलं नव्हतं.

१९ जून
दिवेलागणीला बघते तर गोळ्यांची डबी जागेवर नाही. घर उलटंपालटं केलं. शेवटी सासूबाईच म्हणाल्या, "तांदळाच्या पिपात ठेवलंय. आटवा म्हयना लागला, पोराला उष्ण पडल." मी ओरडले. सासूवर, पहिल्यांदाच. "बाळासाठीच आहेत त्या! माझं दुखणं त्याला जाऊ नये म्हणून!"
त्या मटकन बसल्या. लेकाने त्यांना नुसतं 'रक्ताचा आजार' सांगितलेलं. मग उठून डबी काढली, पदराने पुसून दिली. बारीक आवाजात, "मग पोर बरा होईल?"
म्हटलं, गोळ्या चुकल्या नाहीत तर बहुतेक.

२२ जून
आता रोज संध्याकाळी अंगणातून हाक, "गोळी घेतलीस काय गो?" अख्ख्या वाडीला ऐकू जाईल अशी. घ्या, म्हणे कुणाला बोलू नको!

३ जुलै
सासूबाई रत्नागिरीला बरोबर आल्या. एसटीत शेजारीच बसल्या. मॅडमनी विचारलं, बाळंतपणाला कोण? मी तोंड उघडायच्या आत, "मी हाय. आनि कोन येनार?" मला रडूच आलं.
घरी जेवायला बसले. ताट खिडकीतलंच. भात वरूनच.
बाळाला हातात घ्याल ना, हे येताना एसटीत विचारणार होते. राहिलं.