सुकेळीच्या खोलीत कोण आहे?

नंदाखाल
फेब्रुवारी १९९८

प्रिय क्लेमेंट,

नाव लिहिलं म्हणून दचकू नकोस. जन्मभर तुला 'मार्कचा बाप' म्हणत आले, पण कागदावर तसं कसं लिहिणार? तोंडानेच विचारलं असतं, तर घसा पार बसलाय, नुसता वारा बाहेर येतो. ताप उतरला. अंग अजून पिळून वाळत घातल्यासारखं आहे, खोकलाही आहेच. पण कान शाबूत आहेत माझे आणि डोळेसुद्धा. म्हणून विचारते, खरं सांग, तू आहेस कुठे?

मुलगा नि सून सांगतात, तू उमेळ्याला एमिलीकडे गेलास. घरात ताप आहे, म्हाताऱ्या माणसाला धोका नको, म्हणून बहिणीकडे पाठवला म्हणे. मी मुकाट मान हलवली. म्हटलं, बघू तरी हे दोघं किती थापा मारतात. अरे, त्याच एमिलीच्या लग्नात केळीला पाणी सोडायचंय म्हणून जेवणावरून उठून आलेला माणूस तू! तू वाडी टाकून उमेळ्याला राहायला जाशील? आणि गेलास तर तुझ्या चपला दाराशी कशा? एसटीत अनवाणी चढलास काय? मार्कला खोटं बोलता येत नाही, तुझ्यावर गेलाय. उमेळ्याचं नाव काढलं की कान खाजवतो.

प्रिस्का मात्र पक्की. नर्स ना ती, आजाऱ्याला काय सांगायचं आणि काय पोटात ठेवायचं ते तिला बरोबर ठाऊक. तोंडाला फडकं बांधून येते, ताट दाराशी ठेवून मागे सरते. माझं ताट वेगळं, पेला वेगळा, टॉवेल वेगळा. खोकला आला की रुमाल धरा, रुमाल नसेल तर कोपरात खोका. उठता-बसता साबणाने हात धुवा. एक सुई मार गं, म्हटलं, तर म्हणते ह्या तापाला सुईची गरज नाही, पडून राहा, पाणी प्या, पेज प्या, दम लागला तर मात्र लगेच हाक मारा. मला वाटलं, सुनेला आपली किळस आली. शेजारच्या लूर्डसने तर खिडकीशी येऊन कानात ओतलंच, आज ताट वेगळं केलंय, उद्या तुम्हाला वेगळं करील आणि परवा वाडी बिल्डरच्या घशात घालील. लूर्डसला काय, कुठेतरी काडी टाकायला हवीच. पण खरं सांगते, एक अख्खी दुपार मी तेच चघळत पडले होते.

मग जपमाळेचा दिवस आठवला. मला ताप चढला तेव्हा सगळी आळी माझ्या खाटेभोवती जमली, आजाऱ्याच्या घरी जमते तशी. मला वारा लागेल म्हणून दारं-खिडक्या गच्च बंद. मी खोकतेय आणि सगळ्या जणी माझ्या तोंडाशी बसून नमो मारिया म्हणतायत! तूही पायथ्याशी होतास. प्रिस्का ड्युटीवरून आली, तिने खिडक्या सताड उघडल्या आणि सगळ्यांना अंगणात नेऊन बसवलं. केवढा बोभाटा झाला! प्रार्थनेला आलेल्यांना हाकललं म्हणे. आता त्यातल्या निम्म्या जणी अंथरूण धरून आहेत. आणि तुझं तर विचारूच नको. माझी उरलेली पेज दाराआड उभा राहून पिताना मी तुला पाहिलाय. अन्न टाकायचं नाही, ही तुझ्या आईची शिकवण. उष्टं खाऊ नका म्हणून प्रिस्का कंठशोष करत होती, पण ऐकेल तो क्लेमेंट कसला? हट्टी कुठला.

त्यानंतरच तू दिसेनासा झालास. आणि त्याच दिवशी मार्क समोरच्या सुकेळीच्या खोलीतून सुकवलेल्या केळ्यांचे डबे बाहेर काढताना दिसला. विचारलं, तर म्हणे उंदीर झालेत. बरं, झाले असतील. पण उंदीर झाले म्हणून कोणी आत खाट नेतं का? गादी नेतं? दोन वेळा वाफेचं पातेलं नेतं? चुलीवर पेज शिजते ती दोघांपुरती. एक वाटी मला येते, दुसरी टॉवेलखाली झाकून अंगण ओलांडते. मांजर डोळे मिटून दूध पितं, तशातली गत. पाणी कुठे मुरतंय ते मला समजलं होतं, तरी मी गप्प राहिले. मला कळलं तर मी उठून तुझ्याकडे धावेन, ह्याची त्यांना भीती. बरोबरच आहे, धावलेच असते.

मग फादर आले. मला भेटायला, म्हणे. माझ्या दारात उभं राहून एकदा 'आमच्या बापा' म्हटलं आणि निघाले. ते फाटकाकडे नाही गेले, सुकेळीच्या खोलीत शिरले. हातात अगदी शेवटाला टेकलेल्या आजाऱ्यांना लावायच्या तेलाची ती लहान बाटली होती. किती वेळ बाहेरच येईनात. उशीत तोंड खुपसून रडले. मी आजारी पडले नसते तर तू आज केळीत उभा असतास.

आणि काल सकाळी देवळात मरणाची घंटा वाजली. मी खिडकीचे गज धरून उभी राहिले. वाटलं, गेलास. मला न सांगता गेलास. एवढ्यात प्रिस्का वाटी घेऊन अंगणातून गेली, तेव्हा जीव भांड्यात पडला. मेलेल्या माणसाला कोणी पेज नेत नाही. मार्कला खुणेनेच विचारलं, तर घंटा आपल्या आळीतल्या सिप्रियनची होती. वर्षभर अंथरुणाला खिळला होता बिचारा, सुटला.

पण ती वाटी भरलेलीच परत आली. दुपारचीही. संध्याकाळचीही. आज सकाळी भरली वाटी विहिरीपाशी ठेवून प्रिस्का डोळे पुसत उभी होती. तेव्हा लख्ख प्रकाश पडला माझ्या डोक्यात. घंटा तुझ्याही कानावर गेली असणार. ती दोघं तुला सांगत असतील, आई बरी आहे. आणि तू विश्वास ठेवणार? मी ठेवला का? आपण दोघं एकाच माळेचे मणी! तुला वाटतंय ती घंटा माझी होती आणि पोरं तुझ्यापासून लपवतायत. म्हणून तू पेजेला तोंड लावत नाहीस.

म्हणून हे लिहिलं. आता प्रिस्काला खुणेने बोलावते आणि उघड उघड तिच्या हातात देते. हवी तर कागदावर इस्त्री फिरव म्हणते, पण पोचव. अरे, मी जिवंत आहे! हे अक्षर माझंच आहे, असं गिचमिड दुसरं कोण लिहिणार? आणि मेलेली बायको नवऱ्याला एवढी दटावत नाही. तू मला हवा आहेस, एवढं तुला कधी तोंडाने म्हटलं नाही, ते आज लिहून देते. समोर पेज ठेवली असेल, ती पी. मी खिडकीत उभी आहे. तुझी वाटी रिकामी बाहेर आलेली दिसली, की मगच बसेन.

तुझीच,
थेरेसा