परत पाठवलेली वाटी

॥ श्री ॥
कल्याण, माघ शु. १०, सन १८९८

चि. सौ. शकूस गोदाताईचे अ. आ.

तुझे रंगूनी तांदूळ पोचले, तसेच परत पाठवते. ओल्या गोणपाटाचा वास येतो. डब्याला तीनदा राख लावली तरी जाईना. महागाई आल्यापासून सारे ठाणे गुळाची पेज करून हेच भुरकते, असे तू कौतुकाने लिहितेस. इथे शेजारच्या गंगुबाईही दोन वेळ तेच खातात, वर बोटे चाटतात. पाहवत नाही. तांदूळ उकडा, म्हणजे समुद्रापलीकडे कुणीतरी आधीच शिजवलेला. मला तो खरकटाच.

वद्य तृतीयेला ह्यांचे वर्षश्राद्ध. पिंडापुरता हातसडीचा पांढरा तांदूळ मी जपून ठेवला आहे.

माझ्या वेलांट्यांना हसू नकोस. लोभ आहे तो वाढव, तांदूळ मात्र नको.
गोदा

॥ श्री ॥
ठाणे, माघ शु. १३

गं. भा. ताईस शकूचा शि. सा. न.

पिशवी आली. घरात ह्यांचे म्हणणे झाले, की ताईंना देवाने दोन माणसांचे नाक दिले.

एक विचारते, रागावू नकोस. गंगुबाई परवा लेकीकडे ठाण्यास आल्या होत्या. म्हणाल्या, शेवटच्या तापात भावोजींनी त्यांची पेज मागितली होती, आणि वाटी भरलीच्या भरली परत आली. खरे का गं?

बोललीस चार शब्द तरी चालेल, माया तोडू नकोस.
तुझी शकू

॥ श्री ॥
कल्याण, माघ व. ३

चि. सौ. शकूस अ. आ.

खरे आहे. वासाने मला उमासे आले. मी वाटी उंबऱ्यावरूनच फिरवली. ह्यांना म्हणाले, “मरायला टेकलात तरी माझ्या घरात खरकटे खायचे नाही.” बरे होतील असे वाटत होते, म्हणून बोलले. ते भिंतीकडे वळले. तिसऱ्या दिवशी गेले.

आज धाकट्या दिरांनी पिंड दिले. ऊन डोक्यावर आले तरी घासाला कावळा शिवेना. भटजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. दीर म्हणाले, वहिनी, काही राहिले असेल तर कबूल करा. मी उठले आणि गंगुबाईंकडून वाटीभर पेज मागून आणली. श्राद्धाच्या पानाशेजारी उकडा तांदूळ! भटजींनी तोंड फिरवले. कावळा आला तो थेट पेजेवर.

वाटीत उरली ती मी खाल्ली. वास तोच, किळस तीच. तरी वाटी बोटाने पुसून घेतली.

लोभ असू दे, आणि ती पिशवी फिरून पाठव.
गोदा