मान वर, अनिका

नोव्हाय, मिशिगन
१० नोव्हेंबर

ती. रत्नाआत्यास,
नकुलचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला माझं निम्मंच ऐकू येतं आणि तेवढ्यावर तू रागावतेस, म्हणून पत्र. तर हो, मुक्काम तुझ्या लेकीच्या बेसमेंटमध्ये आहे आणि हो, तुझ्या नातीला हॉकी मीच शिकवतोय. बर्फावरची. चेंडूऐवजी काळी रबरी चकती असते, तिला पक म्हणतात. मिनेसोटात बर्फाच्या रिंकवर नोकरी करताना शिकलो. तिथे बर्फाला इस्त्री करणारी एक गाडी असते, ती चालवायला मिळेल म्हणून तर लागलो होतो. मिळाली नाही. असो.

अनिकाचे हात भन्नाट चालतात, पण पक काठीला लागला की नजर त्याच्यावर आणि मान खाली. गेल्या सीझनला अशीच समोरच्या मुलीवर आदळली आणि खांद्याचं हाड मोडलं, ते तुला ठाऊक आहेच. आता मोनाताईने बजावलंय, पुन्हा तसं झालं तर हॉकी कायमची बंद. पोरगी धड जेवत नाही. मान वर, मान वर ओरडून माझा घसा बसला यार! तू एवढ्या पोरांना पेटी शिकवलीस. त्यांची नजर बोटांवरून कशी हटवायचीस?

कॉलेजचं सोडून काहीही विचार. माया पातळ करू नकोस.

तुझा,
नकुल


नागपूर
२८ नोव्हेंबर

चि. नकुल यास अनेक आशीर्वाद.

पहिली गोष्ट, मी तुझी आत्या आहे, यार नव्हे.

मान वर म्हटलं की मूल आणखी आखडतं. मी पोरांना वाजवता वाजवता डब्यात काय आणलंय ते सांगायला लावायची. सांगताना ती माझ्या तोंडाकडे बघायची, बोटं आपली चालत राहायची. करून बघ.

पण ती चकती घरंगळते की घसरते? उडून लागली तर? मोनाला विचारलं की मॅच छान झाली म्हणते, पुढे अक्षर नाही. दर मॅचला जाते ना ती?

जेवत जा. आठवण असू दे, माझीही आणि कॉलेजचीही.

तुझी,
रत्नाआत्या


नोव्हाय
१७ डिसेंबर

ती. आत्यास,
पुन्हा एकदा वाकून नमस्कार.

घसरते. उडतेही, पण पोरं चिलखतात असतात.

गॅरेजमध्ये अनिकाला पक खेळवत डबा सांगायला लावला. ती सांगते इंग्लिशमध्येच, पण मान वर! मग शेजारची पोरंही आली आणि गॅरेजचा मासळीबाजार झाला.

त्यानंतरच्या पहिल्या मॅचला अनिका पक घेऊन सुसाट निघाली, दोघींना चुकवलं आणि मधेच थांबली. समोरच्यांनी पक पळवून गोल केला. मला वाटलं, खांदाच गेला. गाडीत बसल्यावर म्हणाली, वर बघितलं तर आई दिसली, मफलरमध्ये तोंड खुपसून, डोळे गच्च मिटून. मग तिने आईला विचारलं, की तू माझी एक तरी मॅच बघितलीयस का. सिग्नल हिरवा झाला, मागचे हॉर्न वाजवायला लागले, तरी मोनाताई गाडी हलवेना. शेवटी एवढंच म्हणाली, की बघायचं तरी कुठे हेच मला कळत नाही.

म्हणून पुढच्या शनिवारी मी मोनाताईच्या शेजारी बसलो. तिने प्रश्न विचारून माझं डोकं खाल्लं. ही निळी रेघ कशाला, त्या मुलीला बाहेर का काढलं, एवढ्या काठ्यांत पक सापडतो कसा. मीही विचारात पडलो, की निळीच का? तेवढ्यात कुणाचा तरी धक्का लागून अनिका आडवी झाली.

मी उठून उभा राहिलो. अनिका उठतेय हे मोनाताईने बघितलं, माझी बाही ओढून मला खाली बसवलं आणि विचारलं, की पक कुणाकडे गेला.

तुझा लोभ आम्हा तिघांत नीट वाटून दे.

नकुल