उजवा हात वर करण्याच्या परवानगीसाठी

दिनांक : १८, बुधवार

प्रति,
मा. मुख्याधिकारी साहेब,
नगरपालिका कार्यालय,
पहिला मजला, सभागृहाशेजारी.

विषय : उद्या गुरुवारी सकाळी अकरा वाजता होणाऱ्या तातडीच्या सभेत प्रभाग क्रमांक चारचे सदस्य, म्हणजे माझे पती, यांचा उजवा हात शिपायाऐवजी मला वर करू देण्याबाबत.

संदर्भ : १) सभा-कामकाज नियम ९, १४, १९, २२ व २७.
२) माझे यापूर्वीचे अकरा अर्ज. (एकाचेही उत्तर आले नाही, म्हणून जावक क्रमांक देता येत नाहीत.)

महोदय,

१. मी खाली सही करणारी बाई सातवी पास आहे. माझे पती नळजोडणीचे काम करीत. सगळे त्यांना नळवाले काका म्हणत. कोणाकडे नळ गळू लागला की लोक आधी त्यांना बोलावत आणि मग नगरपालिकेला शिव्या देत. आमच्या प्रभागातील पंधरा सार्वजनिक नळ त्यांनी स्वतःच्या हाताने बसवले आहेत. ते निवडून आले ते एवढ्यामुळेच. भाषण त्यांना कधी जमले नाही. पण सभेला जाताना पिशवीत पान्याशेजारी नियमपुस्तिका असायची आणि तिच्यात ते पेन्सिलीने खुणा करायचे. त्या खुणा धरून मी ही पुस्तिका चौदा महिने वाचते आहे. आता तोंडपाठ झाली आहे, म्हणून अर्जात नियमांचे उल्लेख येतील. रागावू नये.

२. चौदा महिन्यांपूर्वी पाण्याच्या टाकीची पाहणी करून येताना त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली. समज पूर्ण राहिली आणि डावा हात राहिला. आपल्याला माहीतच आहे की सभेत एकूण तेरा सदस्य आहेत. नगराध्यक्ष साहेबांच्या बाजूला माझे पती धरून सात, विरोधात सहा. त्या सहा जणांनी दीड वर्षापासून बहिष्कार घातला आहे, आणि नियम ९ प्रमाणे सात सदस्य हजर असल्याशिवाय सभा भरत नाही. म्हणजे झटका आला त्या दिवसापासून माझे पती माणूस म्हणून कोणाच्या उपयोगाचे राहिले नाहीत, पण सातवे म्हणून फार मोलाचे झाले.

३. दर महिन्याला नगराध्यक्ष साहेबांची गाडी दारात येई. चार माणसे उतरत, माझ्या पतींना लाकडी खुर्चीत बसवत, पट्ट्याने बांधत आणि खुर्चीसकट उचलून नेत. नियम १४ म्हणतो की सदस्याने उजवा हात वर करून मत द्यावे. त्यांचा उजवा हात वर होत नसल्यामुळे आपला शिपाई खुर्चीमागे उभा राहून मनगटाला धरून तो वर ओढत असे. दुसऱ्याने हात वर केला तर ते मत होते का, असे मी अर्ज क्रमांक दोनमध्ये विचारले होते. नगराध्यक्ष साहेब जिन्यात भेटले तेव्हा म्हणाले, "मनाई कुठे लिहिलीय, दाखवा." मी घरी येऊन पुस्तिका पुन्हा वाचली. खरोखरच कुठे लिहिलेले नाही. लिहिणाऱ्यांना असे कोणी करील हे सुचले नसावे.

४. नियम २२ प्रमाणे सदस्य लेखी न कळवता सलग सहा महिने गैरहजर राहिला तर त्याचे पद रिकामे होते. (विरोधी सहा जण दर सभेला बहिष्काराचे पत्र पाठवतात, म्हणून त्यांची पदे शाबूत आहेत.) म्हणून मी दाराला आतून कडी घातली. दोन महिने निभावले. तिसऱ्या महिन्यात आपल्या सहीची नोटीस आली की सदस्यास कर्तव्यापासून रोखणे हा गुन्हा आहे. नोटीस घेऊन चार पोलीस आले होते. खुर्ची उचलायला त्यांनीही हात लावला, हे मी आभारपूर्वक नमूद करते.

मग राजीनाम्याकडे वळलो. नियम १९ प्रमाणे राजीनामा सदस्याच्या सहीने, समक्ष, नगराध्यक्षांच्या हातात द्यावा लागतो. प्रथम अंगठा घेऊन गेलो. "नोंदीत सदस्य साक्षर आहेत, अंगठा चालणार नाही," असे सांगण्यात आले. तेव्हा माझ्या पतींनी डाव्या हाताने सही शिकायला घेतली. शाळेतल्या मुलांसारखी दोन रेघांची वही आणली. रोज सकाळी अंघोळ झाली की ते गिरवत बसत. अक्षर वाकडे आले की वहीवरच डोके टेकवत. चार महिन्यांनी एक सही वाचता येईल अशी आली. ती घेऊन आम्ही गेलो. नगराध्यक्ष साहेबांनी चष्मा लावला, नोंदवहीतली जुनी सही शेजारी ठेवली आणि म्हणाले, "जुळत नाही हो. उद्या कोणीही उठेल आणि तुमच्या नावाने राजीनामा देईल. तुमच्याच भल्यासाठी आहे हे." साहेब, जो हात सही करू शकत नाही तो मत देऊ शकतो, आणि जो सही करू शकतो त्याला आपल्या कार्यालयात कोणी ओळखत नाही. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते असे म्हणतात. त्या कुत्र्याला निदान भूक तरी असते.

५. दोन महिन्यांपूर्वी प्रभागातील सार्वजनिक नळ काढून टाकण्याचा ठराव प्रथम चर्चेला आला. त्या जागी दुकानांचे गाळे होणार आहेत. शिपायाने त्यांचा उजवा हात वर ओढला. तेव्हा माझ्या पतींनी डावा हात वर केला आणि "नाही, नाही" असा जोरात हलवला. चौदा महिन्यांत सभागृहात त्यांनी स्वतःहून केलेली ती एकच गोष्ट. मी प्रेक्षकांच्या बाकावर होते. माझ्या डोळ्यांत पाणी आले, कारण मला वाटले आता तरी कळेल. इतिवृत्तात आपण लिहिलेत : "सदस्यांनी दोन्ही हात उंचावून ठरावास उत्स्फूर्त पाठिंबा दिला." घरी आल्यावर ते इतिवृत्त मी त्यांना वाचून दाखवले. दाखवायला नको होते. त्यानंतर त्यांनी वही मागितली नाही.

६. आता परवाच्या सोमवारविषयी. त्यांना तीन दिवस ताप होता. नगरपालिकेसमोर दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी "हलवू नये" अशी चिठ्ठी दिली होती. गाडी आली, चिठ्ठी वाचली गेली, घडी घालून माझ्या पतींच्याच खिशात ठेवली गेली आणि खुर्ची उचलली गेली. सभेत नऊ विषय होते. चौथा विषय संपत असताना त्यांची मान पुढे पडली. मी उठून म्हणाले, "अहो, बघा ना, हे गेले वाटतं." नगराध्यक्ष साहेब म्हणाले, "बाई, प्रेक्षकांना बोलता येत नाही. विषय पाच." मी जिना उतरून रस्ता ओलांडून डॉक्टरांना घेऊन आले. तोवर सातवा विषय चालू होता. उजवे मनगट त्या वेळी मतदानात गुंतलेले असल्यामुळे डॉक्टरांनी डाव्या मनगटाची नाडी पाहिली. नंतर छाती तपासली, डोळे पाहिले आणि मोठ्याने सांगितले, "संपलंय. अकरा पन्नास." आपण तेव्हा लिहीत होता, साहेब. आपण मान वर केलीत, भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलेत आणि पुन्हा लिहू लागलात. आठवा विषय सात विरुद्ध शून्य. नववा, नळ काढून टाकण्याचा, सात विरुद्ध शून्य. सव्वाबारा वाजता सभा संपली आणि मग शिपायाने हात सोडला. तो खुर्चीच्या दांड्यावर आपटला. आवाज मला ऐकू आला.

७. तळमजल्यावर खिडकी क्रमांक तीनवर जन्म-मृत्यूची नोंद होते. अंत्यविधीचा परवानाही तेथूनच मिळतो. सोमवारी दुपारी मी डॉक्टरांचा दाखला दिला. नोंदणी कारकून भला माणूस आहे. त्याने मला बसायला स्टूल दिले, पाणी दिले आणि म्हणाला, "काकू, दाखल्यावर अकरा पन्नास आहे. वरून आलेल्या कागदावर काका सव्वाबारापर्यंत मत देत होते. दोन्ही खरं कसं लिहू?" मी म्हटले, सव्वाबारा लिही बाबा, मला काय करायचे आहे त्या पंचवीस मिनिटांचे. पण दाखल्यातली वेळ त्याला बदलता येत नाही. डॉक्टरांकडे गेले, तर ते म्हणाले, "मी खोटं लिहिणार नाही." चौदा महिन्यांत मला भेटलेला हा पहिला सचोटीचा माणूस, आणि त्याचा त्रासही मलाच.

८. तेव्हा इतिवृत्तात दुरुस्ती व्हावी म्हणून मी आपणाकडे आले. आपण नियम २७ दाखवलात : इतिवृत्तात दुरुस्ती फक्त पुढील सभाच करू शकते. पुढील सभेला सात सदस्य लागतात. सहाच उरले आहेत. सातवा निवडून यायचा तर पद रिकामे झाले पाहिजे, पद रिकामे व्हायचे तर मृत्यूची नोंद झाली पाहिजे, नोंद व्हायची तर इतिवृत्तात दुरुस्ती झाली पाहिजे. मी विरोधी गटनेत्यांच्या घरी गेले. एक दिवस, एक माणूस सभेत बसवा म्हणून पाया पडले. ते म्हणाले, "वहिनी, माझी पूर्ण सहानुभूती आहे तुम्हाला. पण बहिष्कार हा आमच्या तत्त्वाचा प्रश्न आहे." चहा मात्र त्यांनी आग्रहाने पाजला. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना, अशी माझी गत आहे.

माझे पती नगरपालिकेच्या रुग्णालयातील शीतपेटीत आहेत. शीतपेटी एकच आहे आणि तीन दिवसांपेक्षा जास्त कोणालाही देत नाहीत. मुदत उद्या, गुरुवारी, संध्याकाळी पाचला संपते. पाचनंतर त्यांना कुठे ठेवायचे असे विचारले तर सांगण्यात आले, "घरी न्या." परवाना नाही म्हणून पुढे नेता येत नाही, आणि घरी माझ्याकडे एक खोली आणि एक पंखा आहे.

९. काल नगराध्यक्ष साहेबांनी मला स्वतः केबिनमध्ये बोलावले. प्रथम त्यांनी दुःख व्यक्त केले. नळवाले काकांसारखा निष्ठावंत सदस्य होणे नाही, एका सभेला चुकले नाहीत, असे बराच वेळ बोलले. मेल्या म्हशीला मणभर दूध. मग त्यांनी मार्ग सुचवला. ते म्हणाले, "नोंदीप्रमाणे सदस्य अजून हयात आहेत. हयात सदस्य सभेला येऊ शकतो. आले की सात होतात. एकच विषय ठेवू, पाच मिनिटांत आटपू." विषयपत्रिका मी पाहिली आहे. "विषय १ : प्रभाग चारचे सदस्य सोमवारी सभा संपल्यानंतर दुपारी साडेबारा वाजता निधन पावले, अशी नोंद घेणे, व डॉक्टरांच्या दाखल्यातील वेळ त्याप्रमाणे वाचणे." म्हणजे सोमवारचे नऊही ठराव शाबूत राहतात, नळही जातात, आणि माझे पती स्वतःच्या मताने मरण पावतात. रुग्णालयाने "सभेसाठी दोन तास" अशी चिठ्ठी दिली आहे.

मी हो म्हणाले आहे.

या होकाराबद्दल शेजारपाजारचे मला काय म्हणतील ते मी जाणते. नळांसाठी भांडायला हवे होते, हेही जाणते. ते असते तर त्यांनी डावा हात वर केला असता. पण माझ्यात आता भांडण उरलेले नाही, साहेब. मला त्यांना पोहोचवायचे आहे. बाकी नगरपालिका आपल्याकडे राहू द्या.

१०. तरी माझ्या पुढील विनंत्या मान्य व्हाव्यात. परवाना सही-शिक्क्यासह सभेच्या आधी तयार ठेवावा, म्हणजे तेथूनच परस्पर निघता येईल. खुर्चीचा पट्टा छातीवर घट्ट आवळू नये. त्यांचा डावा हात मांडीवर राहू द्यावा, त्याला कोणी हात लावू नये.

आणि उजवा हात मला वर करू द्यावा. शिपायाविषयी माझी तक्रार नाही, त्याला सांगितले ते त्याने केले. पण तो मनगटाला धरून ओढतो. त्याने खांदा जागचा हलतो आणि फार कळ येते. रात्रभर ते कण्हत असत, म्हणून मला माहीत आहे. हे मी अर्ज क्रमांक तीन, पाच आणि आठमध्ये लिहिले होते. तो हात कोपराखाली तळवा देऊन, सावकाश उचलावा लागतो. डॉक्टरांनी मला शिकवले आहे. मी रोज तसाच उचलत होते.

कळावे. बाराव्यांदाही नम्रच,

(सही)
प्रभाग चारच्या सदस्यांची पत्नी

सोबत :
१) डॉक्टरांच्या दाखल्याची प्रत.
२) सोमवारच्या इतिवृत्ताचा उतारा.
३) "हलवू नये" ही चिठ्ठी. त्यांच्या खिशात सापडली.
४) राजीनामा, डाव्या हाताच्या सहीचा. ही मूळ प्रत आहे, पाहून झाली की परत मिळावी. त्या हाताचे वाचता येईल असे दुसरे काही माझ्याकडे नाही.