आरोलकरी म्हणजे नेमकं काय

शिरोडा,
रविवार, दुपारची जेवणं आटोपून

तीर्थस्वरूप मंगेशभावोजी यांस,

लवूचा साष्टांग नमस्कार (कंबर धरल्यामुळे तूर्त गुडघ्यापर्यंतच, उरलेला समक्ष भेटीत). ताईची शुगर आणि तुमचा तो मालवणी शब्दांचा कोश, दोन्ही आटोक्यात असतील अशी आशा करतो. इकडे आम्ही बरे आहोत. पद्मावतीही बरी आहे, म्हणजे तशी बरी आहे. पुढच्या महिन्याच्या पहिल्या मंगळवारी तिला गोव्याला हॉस्पिटलात न्यायचं आहे, त्याचं खाली सविस्तर लिहितोच. फोन का नाही केला म्हणाल, तर फोनवर तुम्ही "मुद्दा काय?" असं विचारता. कागद विचारत नाही.

तर आधी दुसरंच. चतुर्थीला तुम्ही आला होतात तेव्हा पडवीत बसून मला एक गोष्ट सांगितलीत, आठवते ना? इंग्रजीत म्हणे लेखक फार मोठा झाला की त्याच्या आडनावाला शेपूट लावून त्याचा शब्द करतात. एकाने कचेऱ्यांच्या अशा गोष्टी लिहिल्या की माणूस या खिडकीवरून त्या खिडकीवर फिरतो आणि आपला गुन्हा काय ते त्याला शेवटपर्यंत कळत नाही. आता जगात कुठेही तसं घडलं की लोक त्याचंच नाव घेतात, पुस्तक वाचलेलं असो की नसो. दुसऱ्याने भिंतींना डोळे असलेलं सरकार रंगवलं, तर त्याचंही तेच झालं. (तिसरे कोणी सरदारसाहेब होते. त्यांच्या नावाचा अर्थ तुम्ही सांगणार तेवढ्यात ताई नेवऱ्यांचं ताट घेऊन आली आणि तुम्ही एकदम खोकलात. तो अर्थ अजून बाकी आहे.) ही नावं माझ्या तोंडात बसत नाहीत, पण गोष्ट डोक्यात घट्ट बसली. खरं सांगतो, मला हेवा वाटला. माझी दोन पुस्तकं आहेत, त्यांतलं एक ताईने वाचलंय. आम्हांला मूलबाळ नाही. पस्तीस वर्षं पोस्टात बसून दुसऱ्यांच्या नावांवर शिक्के मारले, आता आपल्या नावाचं मागे काय राहणार हा विचार मनात येतो, तुमच्यापासून काय लपवू!

आणि भावोजी, बरोबर पंधरा दिवसांनी बाजारात मी तो शब्द ऐकला.

आनंदीबाईकडे बंगडे आले होते (आनंदीबाई म्हणजे आपल्या महादूची बायको, महादू होडीवर जातो, ही विकते). पुढे एक पर्यटक बाई उभ्या होत्या. त्यांनी बंगड्याचे कल्ले उघडून पाहिले, वास घेतला, होडी कुठली विचारलं, वारा कुठला विचारलं, बंगड्याला इंग्रजीत काय म्हणतात तेही विचारलं. शेवटी आनंदीबाई कावली आणि म्हणाली, "गो बाय, आरोलकरी करू नको. घेवचा तर घे, नायतर फुडे सर!" माझ्या हातातली पिशवी खाली पडली. आरोलकरी! शिरोड्यात आरोलकर घरं चार, पण लेखक मी एकटा. शेपूट लागलं होतं, भावोजी, आणि तेही जिवंतपणी! फक्त त्याचा अर्थ काय, एवढंच कळायचं बाकी होतं.

मी आनंदीबाईला विचारलं. मला पाहून तिने पदर सारखा केला आणि म्हणाली, "नाही हो भाऊ, तसं काही नाही. असंच बोलण्यात आलं." आनंदीबाई शुद्ध मराठीत बोलली तेव्हाच मी ओळखलं की पाणी खोल आहे. आपल्याकडे माणूस शुद्ध बोलतो तो कचेरीत, नाहीतर लपवायचं असेल तेव्हा. पण मीही पोस्टमास्तर होतो. अपुऱ्या पत्त्याचं पाकीट मी कधी परत पाठवलं नाही. एका जुन्या वहीत नोंदी सुरू केल्या. ओमकारच्या रिक्षातून वेंगुर्ल्याला जात होतो, तर त्याने फोनवर कुणाला तरी सांगितलं, "रस्तो खणलोसा रे, आता आरोलकरीन जावचा लागतला." मी मागेच बसलो होतो. आरशात माझं तोंड दिसल्यावर त्याने उगाचच हॉर्न वाजवला. (वळसा, असं मी वहीत लिहिलं आणि पुढे प्रश्नचिन्ह काढलं.) असा महिनाभर शोध चालला. अखेर काखेत कळसा निघाला. एके सकाळी मी वही घेऊन माजघरात बसलो होतो, आणि आत चुलीपाशी पद्मावती डाळीला म्हणाली, "आज काय आरोलकरी मांडलंस गो? शिज मगे!"

मी उठून आत गेलो आणि वही पुढे धरली. तिने आधी डाळ उतरवली. मग म्हणाली, "सगळ्या गावाक ठावक आसा, तुमकाच नाय. ता गाऱ्हाणा इसारलास?"

विसरलो नव्हतो. पण मला तो माझ्या आयुष्यातला चांगला दिवस वाटत होता. तीन वर्षांपूर्वी वाडीच्या राखणदार देवाला कोंबडा द्यायचा होता आणि नेहमी गाऱ्हाणं घालणाऱ्या गावकरांचा घसा बसला होता. तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून सांगतो. आमच्याकडे देवापुढे गाऱ्हाणं घालतात ते चार वाक्यांचं असतं: बाबा रे, चुकलंमाकलं पोटात घाल, लेकरांना सांभाळ. आणि दर वाक्याला सगळे म्हणतात, "व्हय म्हाराजा!" लिहिणारा माणूस म्हणून ते काम माझ्याकडे आलं. मी फुलस्केप सात पानं लिहून नेली. देवाला काही संदर्भ कळायला नको का? मी वाडीच्या स्थापनेपासून सुरुवात केली, मिठागरांवर आलो, तिथून पोस्टाच्या पहिल्या पेटीवर. माणसं दर वाक्याला "व्हय म्हाराजा" म्हणत होती. पुढेपुढे मी खोकलो तरी म्हणाली. पद्मावती सांगते की महादू मध्येच घरी जाऊन पेज जेवून आला, आणि परत उभा राहिला तेव्हा मी अजून त्याच पेटीवर होतो. चौथ्या पानावर कोंबडा सुतळीतून पाय सोडवून पळाला. ज्या मागण्यासाठी सगळे जमले होते ते सातव्या पानावर होतं, आणि सातवं पान घरी राहिलं होतं. (राखणदाराने त्या वर्षी सगळं नीट ठेवलं, हे कुणीच लक्षात घेत नाही.)

तर हा अर्थ. मुद्द्याभोवती फिरणं आणि मुद्द्याला न पोचणं. दोन पुस्तकं लिहिली, आणि नाव राहिलं ते पळालेल्या कोंबड्यापायी! मला वाईट वाटलं, फार वाईट वाटलं. दोन दिवस मी घरात तोंड उघडलं नाही (त्याचा उपयोग पद्मावतीने कपाट आवरायला केला). मग आठवलं की चतुर्थीला तुम्ही ओमकारला बाजूला बसवून नवे शब्द उतरवून घेत होता. म्हणजे हा तुमच्या कोशातही गेला असणार! तो खोडा, असं कळवायला मी त्या दिवशी कागद घेतला आणि "तीर्थस्वरूप" इतकं लिहिलं, तेवढ्यात आनंदीबाई दारात आली. हातात चार बंगडे होते. पद्मावतीने तिला सगळं सांगितलं असावं. ती पायरीवर बसली, आणि या वेळी शुद्ध बोलली नाही.

"भाऊ, राग धरू नकात. पन माजा आयका. गेल्या वर्षी वारो सुटलो, सगळे परत इले, आनि महादूची होडी खंय आसा ता कोणाक ठावक नाय होता. आमी बायलो वाळूत बसान होतो. तुमी इलास आनि पोस्टाचा पुराण लावलास. तुमचो मुद्दो येय नाय, म्हणान माजा रडणा पन येय नाय. दिवेलागणीक होडी दिसली तेवा तुमी अजून तिकिटारच होतास. आता कोणाच्या होडयेक उशीर झालो काय आमी म्हणतो, बस गो, वायच आरोलकरी करूया."

भावोजी, त्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलो होतो तो एका वाऱ्याचं नाव विचारायला, तिसऱ्या पुस्तकासाठी. त्या बायका ऐकतायत असं मला वाटलं होतं. त्यांचं लक्ष समुद्राकडे होतं आणि मला ते कळलंच नाही. मी बंगडे घेऊन आत गेलो, आणि ते धुण्याच्या निमित्ताने डोळेही धुऊन घेतले.

तेव्हा शब्द राहू द्या. पत्र लांबलं, क्षमा असावी. ताईला नमस्कार.

आपला,
लवू

ता.क. कोशात अर्थ देताना एवढं करा: "मुद्दा समोर आला तर सोसणार नाही, म्हणून तो येईपर्यंत बोलत राहणे." कोंबड्याचा उल्लेख टाळता आला तर बघा.

ता.क. २. पद्मावतीचं खाली लिहितो म्हटलं होतं, ते राहिलं. मंगळवारी तिचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात दीड तास लागेल. तो दीड तास मी बाहेर बाकावर असेन. दुसऱ्यांसाठी मला जमतं, स्वतःसाठी करून पाहिलं, दोन मिनिटांत मुद्दा येतो. तुम्ही इंग्रजीचे प्राध्यापक होता, दीड तास तुम्हाला कठीण नाही. सरदारसाहेबांचाही अर्थ बाकी आहे. याल का?

ता.क. ३. भावोजींस पद्मावतीचा नमस्कार. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. पित्ताच्या पिशवीत खडे आहेत, एवढंच. तिसऱ्या दिवशी घरी सोडणार आहेत. तुम्ही वन्संना घेऊन या, पण मंगळवारी नको, आदल्या रविवारीच या. डॉक्टरांकडून आल्यापासून हे माझ्याशी फक्त मुद्द्याचं बोलतात, आणि त्याचीच मला भीती वाटते.